गिरजाबाईनं सांगितलेला पिक्चर

नवा पिक्चर लागला की आम्ही गिरजाबाईला पाठवायचो. सगळ्यांना कुठलं जायला मिळणार? पेणला कृष्णाबाईंच्या परसात पापड लाटणाऱ्या बायका आम्ही. घरून निघायचं ते परसात, परसातून निघायचं ते घरी, वाटेत टॉकीज लागायचं म्हणून काय झालं. मंगळवारी दुपारी तिथं बायकांचा खेळ असायचा. त्या दिवशी गिरजाबाईच्या वाटणीच्या लाट्या आम्ही आपसात वाटून घेऊन लाटायचो, आणि ती तोंडावर पाणी मारून, पदर सारखा करून, आमच्या सगळ्यांच्या वतीनं पिक्चरला जायची. बुधवारी सकाळी तिनं पोळपाट पुढं ओढून तोंड उघडलं की आम्हाला पिक्चर दिसायचा. मी हौसा. माझा पोळपाट तिच्या शेजारीच, म्हणून मला सगळं नीट ठाऊक आहे. मध्येच कुणी शहाणपणा करून मला दुरुस्त करू नये.

ही गोष्ट आणीबाणी उठल्यानंतरची. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणायचे. गिरजाबाई मूळची खांब गावची. नवरा गेल्यावर दिरांनी तिला भाताच्या कणगीला हात लावू दिला नाही, तशी ती भांडणतंटा न करता उठली आणि पेणला आली. उंच, हाडकुळी बाई, आवाज मात्र असा की परसातून रस्त्यावर ऐकू जाईल. शाळेत कधी गेली नव्हती. हिंदी तर तिला औषधालाही येत नव्हतं.

"मग तुला कळतं कसं गो?" मी एकदा विचारलं.

"मालक बायकोवर खेकसतोय हे कळायला हिंदी कशाला लागतं?" ती म्हणाली आणि लाटी उचलली.

गाणी ती गाळायची. "मग ती दोघं डोंगरावर जाऊन नाचली, ते सोडा," एवढ्यात तिचं गाणं संपायचं. पण हिरोच्या बंगल्यात जिना आला की थांबायची. "केवढा जिना बायांनो. झाडणारीची कंबर जायची." जिना आम्ही पण पाहिलेले, कधीमधी नवऱ्याबरोबर गेलो तेव्हा. झाडणारी कुणाच्या डोक्यात आली नव्हती. पिक्चरमधल्या गरीब बाईवर तर तिचा भारी राग. "भुवया कोरलेल्या नि अंगावर ठिगळं. ठिगळ पण कसलं, लोंबतंय. आपल्यातली असती तर आधी नीट शिवून घेतलं असतं."

आणि मोलकरीण. पिक्चरमध्ये ती ट्रे घेऊन येते, मालकिणीच्या शिव्या खाते आणि जाते. कुठं जाते ते पिक्चरवाले दाखवत नाहीत. गिरजाबाई दाखवायची. हिरो-हिरोइनीचं लग्न लावून झालं, की सगळ्यांत शेवटी ती मोलकरणीकडे वळायची. तिला नाव द्यायची, गाव द्यायची, घरी वाट बघणारी सासू द्यायची. कृष्णाबाई, म्हणजे आमच्या मालकीणबाई, पिक्चर बाल्कनीतून आधीच बघून आलेल्या असायच्या, तरी वाळत घातलेले पापड बघायच्या निमित्तानं दारात येऊन ऐकायच्या. "मला नाही गं दिसली ती मोलकरीण," म्हणायच्या. "तुम्ही लांब बसता," गिरजाबाई सांगायची. मला ही बाई फार आवडायची, सांगून टाकते. असं मालकिणीच्या तोंडावर बोलायचं आणि मालकिणीलाही हसू यावं, हे आमच्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

त्या वर्षी शकू आमच्यात आली. पोरगी विशीतली, दिली होती रोह्याला. नवरा कान्हू तिथल्या एका कंपनीत शिफ्टला जायचा. दिसायला देखणा, सगळे म्हणायचे पोरीनं नशीब काढलं. आता ती भावाकडे, पोपटकडे, येऊन राहिली होती. शकू कायम गिरजाबाईच्या डावीकडेच बसायची. दुसरीनं ती जागा घेतली तर उभी राहायची, पण उजवीकडे बसायची नाही. आम्हाला वाटलं, खोड आहे एकेकीची.

एकदा गिरजाबाई सांगत होती, की हिरोनं हिरोइनीला कानफटात मारली, टॉकीजमध्ये पोरींनीसुद्धा टाळ्या वाजवल्या आणि हिरोइन लगेच सुधारली. शकू मान खाली घालून म्हणाली, "तिला नंतर ऐकू येत होतं?"

तेव्हा कुठं आम्हाला तिच्याकडून कळलं. कान्हू रात्रपाळी करून आला, भात गार होता, त्यानं मारली आणि तिचा डावा कान गेला. गिरजाबाईकडे उजवा कान राहावा म्हणून ती त्या बाजूला बसायची. माझ्या हातातला पापड पोळपाटालाच चिकटून फाटला.

पुढच्या महिन्यात तो पिक्चर लागला. मोठ्या घरची सून, नवऱ्यानं हाकलून दिलेली, मशीनवर लोकांचे कपडे शिवून पोर वाढवते. बुधवारपासून शनिवारपर्यंत पुरवून पुरवून गिरजाबाईनं तो सांगितला. शेवटी नवरा दारात येतो, पांढरे केस, हात जोडलेले. "मग गो?" आम्ही विचारलं. गिरजाबाई म्हणाली, "मग तिनं तांब्याभर पाणी आणलं, त्याच्या पुढं धरलं नि म्हणाली, पाणी प्या नि जा. माझी शिलाई पडलीय."

असा शेवट कुणी ऐकला नव्हता.

"खरंच असं म्हणाली?" शकूनं विचारलं.

"व्हय."

आणि आपल्या शकूचं बघा. तेव्हापासून तिची मान वर आली. कान्हूचा निरोप आला होता, मंगळवारी न्यायला येतो, आणि पोपट तिला पाठवायला टपलेलाच होता. त्याचंही लग्न ठरायचं होतं, घरात टाकलेली बहीण कुणाला चालते? शकूनं घरी सांगितलं, मी नाय जाणार. पोपट डोक्याचा तल्लख. त्यानं भांडण केलं नाही. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की त्याच पिक्चरमध्ये बायको कशी असावी ते दाखवलंय. रविवारी संध्याकाळच्या खेळाला तो बहिणीला घेऊन गेला.

सोमवारी शकू आली आणि उलट्या बाजूला बसली. गिरजाबाईच्या उजवीकडे, माझ्या जागेवर, बहिरा कान तिच्याकडे करून. मी डावीकडच्या रिकाम्या जागी गेले.

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच बोलली, "ती वाकली. पाया पडली त्याच्या. मग सगळे हसले नि पिक्चर संपला."

माझं डोकं फिरलं. मी लाटणं आपटलं. "आमची मनगटं दुखेपर्यंत तुझ्या लाट्या लाटायच्या, आणि तू आम्हाला थापा मारायच्या? बघितलंस ते सांगायचं, एवढंच तर काम होतं तुझं." बाकीच्याही बोलल्या. एक तर म्हणाली, पुढच्या वेळी दुसरीला पाठवू.

गिरजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या बाईनं दिवसरात मशीन मारून पोर वाढवलं नि शेवटाला वाकली. मी बाकड्यावरनं उठले, बाहेर आले. वाटभर मला तिची लाज वाटत होती. मग म्हटलं, हिची काय चूक? हिला वाकवली ती पिक्चर काढणाऱ्यांनी. त्यांना बाई पायाशीच बरी दिसते. तुम्हाला तशी सांगायला माझी जीभ वळली नाय. नि सांगितलं असतं तर ही पोरगी उद्या मुकाट रोह्याला गेली असती."

कृष्णाबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक होतं. मी बघितला होता तो, शेवटाला रडलेही होते."

"मग त्याच दिवशी बोलला का नाय?" मी मालकिणीवरही घसरले, रागात असले की मी कुणाला बघत नाही.

"हिचा शेवट मला जास्त आवडला," कृष्णाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

हे शकूला किती ऐकू गेलं कोण जाणे. ती खाली बघून लाटत होती. दिवसभर तिनं ना गिरजाबाईकडे बघितलं ना आमच्याकडे. गिरजाबाई त्या दिवशी जेवली नाही. भाकरी तशीच फडक्यात बांधून घरी घेऊन गेली.

मंगळवारी दुपारी पोपट कान्हूला घेऊन थेट परसातच आला. चार बायकांसमोर पोरगी नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशोब असणार. कान्हू इस्त्रीच्या शर्टात, केस पाणी लावून बसवलेले, चेहरा अगदी गरीब. मला सुद्धा क्षणभर त्याची दया आली, खोटं कशाला बोलू.

"चल," तो म्हणाला. "झालं ते झालं."

शकू हलली नाही. पोपट म्हणाला, "परवा डोळ्यांनी बघितलंस ना? तिनं काय केलं शेवटाला? एवढ्या मोठ्या घरची बाई, तिला कमीपणा नाय वाटला. मग तुला काय झालं?"

शकू उठली. हाताचं पीठ पदराला पुसलं. माठाकडे गेली आणि तांब्या भरून घेतला. माझं लाटणं थांबलं. ती चालत कान्हूच्या समोर गेली, आता तांब्या खाली ठेवते आणि वाकते, असंच मला वाटलं. गिरजाबाई तिकडे बघतच नव्हती. पोळपाटावरच्या एकाच पापडावरून लाटणं फिरवत होती, तो कागदासारखा पातळ झाला तरी फिरवत होती.

"दादा, पिक्चरमधी चुकीचं दाखवलंय," शकू म्हणाली. "मावशीनं सांगितलं ते बरोबर हाय."

मग तिनं तांब्या कान्हूपुढं धरला. "पाणी प्या नि जा. माझ्या लाट्या वाळतायत."

कान्हूनं पोपटकडे बघितलं. पोपटनं आमच्याकडे बघितलं. आम्ही सगळ्या त्याच्याचकडे बघत होतो आणि दारात कृष्णाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. कान्हूनं पाणी काही घेतलं नाही. शकूनं तांब्या पायरीवर ठेवला. दोघं रस्त्याला लागेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

मग ती परत आली. पोळपाट उचलला, गिरजाबाईला वळसा घालून डावीकडे गेली आणि मला म्हणाली, "सरक गो हौसाताई." मी सरकले. ती बसली, उजवा कान गिरजाबाईकडे केला, ओल्या फडक्याखालची लाटी काढली.

"मावशी," ती म्हणाली, "त्या मोठ्या घरातल्या मोलकरणीचं पुढं काय झालं ते राहिलंय सांगायचं."