मालकांची बाग आणि उघडा हौद

“हट्! हट्!” कावळे हाकलावेत तसे आमचे डोंबिवलीचे घरमालक मुलांना हाकलत. गळ्यात मफलर, हातात बांबूची काठी. काठी कोणाला लागली नाही कधी, पण ती आपटल्याशिवाय त्यांची सकाळही झाली नाही.

बाळांनो, तुम्ही इतक्या लांब वाढलात की बिऱ्हाड म्हणजे काय, तेही सांगायला हवं. मालकांच्या घरात भाड्याने राहणारी आम्ही तीन कुटुंबं, म्हणजे तीन बिऱ्हाडं. तुमची आई तेव्हा चार वर्षांची होती.

घरामागे मालकांची बाग. सोनचाफा, अनंत, चिकू आणि पुण्याहून आणलेले कलमी गुलाब. गुलाबांना बाभळीच्या काट्यांचं कुंपण, चिकूंना फडक्याच्या पिशव्या. बागेत ज्याची काळजी घेतली जात नसे असं एकच होतं, मुलं. शेजारच्या बिऱ्हाडातल्या काकू म्हणत, “अगं, गुलाबाला ताप आला तर हा माणूस डॉक्टर बोलावील.”

चाफ्याखाली जमिनीच्या पातळीत एक हौद होता, पुरुषभर खोल. एरवी त्यावर फळ्या असत. पण मालकांच्या दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन त्यातच होई, आणि शाडूची मूर्ती पूर्ण विरघळेपर्यंत फळ्या टाकायच्या नाहीत असा त्यांचा नियम होता. नियम कोणत्या पोथीतला, हे मी एकदा विचारलं.

“बाप्पाच्या डोक्यावर झाकण ठेवू? तुम्ही शिकलेल्या बायका फार भित्र्या. मुलांना धाक हवा, म्हणजे झाकण लागत नाही.”

हे गृहस्थ जन्मभर कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होते म्हणे. कचेरीची मला दया येते.

आता मुलांचं सांगते. पाण्याखाली बाप्पा हळूहळू विरघळतोय म्हटल्यावर कोणतं मूल घरात बसेल? सगळी हौदाच्या काठावर ओणवी. “सोंड गेली!” “पोट आहे अजून!” भाद्रपदातलं काठोकाठ पाणी आणि कडेला शेवाळ.

मी कपडे वाळत घालत होते. एकदम मुलांचा आवाज थांबला. मुलं गप्प झाली की आईने धावावं, एवढं मी शिकले होते. पाण्यावर फक्त तुमच्या आईचा झगा दिसत होता, हवा भरून फुगलेला. मी पालथी पडले, हाताला केस लागले, तेच धरून तिला ओढलं. ती खोकली, मग रडली. तिला उचलून मी मागे सरले.

मालक तिथेच होते, चार पावलांवर, गुलाबाला आधाराची काठी बांधत. ते उठले, जवळ आले आणि म्हणाले, “बाई, आधी त्या कलमावरचा पाय काढा.”

मी पाय काढला नाही. उलट जरा दाबलाच.

त्याच आठवड्यात आम्ही तिघी बिऱ्हाडकरणींनी लोहाराकडून हौदावर बसेल अशी लोखंडी जाळी करून आणली. मालक आडवे आले.

“देवाला पिंजऱ्यात घालता?”

“जाळीखालीही तो विरघळेल,” मी म्हटलं.

“मग घर खाली करा!”

काकू पुढे झाल्या. “करतो की. तिघी एकदम जातो. का गेलो ते नव्या बिऱ्हाडांना दारात उभं राहून सांगू.”

जाळी बसली. मालक महिनाभर आमच्याशी बोलले नाहीत. तो महिना फार सुखाचा गेला.

त्यांना जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. घर गेलं, बागही गेली. पण ते आठवतात ते नागपूरहून त्यांचा अडीच वर्षांचा नातू आला होता तेव्हाचे. जाळी जागेवर होती, तरी मालक त्याचं मनगट घट्ट धरून बागेच्या मधोमध उभे. पोरगं सुटायला धडपडत होतं, रडत होतं. मालकांच्या कपाळावर घाम. लहान मुलासाठी ती बाग कशी असते, हे त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा दिसत होतं. आपल्या रक्ताचं पोर लागलं त्यासाठी! मला त्यांची कीव आली, पण फार नाही.

तुमची आई तेव्हा सहा वर्षांची. ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. “आजोबा, त्याला पुढच्या अंगणात नेऊ? तिथे पाणी नाही.”

मालकांनी एकदा जाळीकडे पाहिलं. मग मूठ उघडली. पोराच्या मनगटावर बोटांचे लाल वळ होते. तुमच्या आईने त्याचा दुसरा हात धरला आणि हौदाच्या बाजूला स्वतः राहून ती त्याला घेऊन गेली.