उलटं धरलेलं पान

माझा धाकटा भाऊ एका जागी पाच मिनिटं बसल्याचं मला आठवत नाही. नव्वदीतली गोष्ट. कळंबोलीत आमची एकच खोली, वडील लोखंड बाजारात माथाडी. तो सहावीत, मी अकरावीत. जेवतानाही त्याचा गुडघा हलायचा. पुस्तक उघडलं की तहान लागायची, मग लघवीला, मग बाहेरून कुणीतरी हाक मारलेलीच असायची. शेवटी मी वैतागून त्याचा धडा मोठ्यानं वाचायचे. तो खिडकीच्या गजाला लोंबकळत ऐकायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात घडाघडा म्हणून दाखवायचा. पाठांतर जबरदस्त, वाचणं शून्य. गृहपाठ मीच लिहून द्यायचे, त्यामुळे हे फक्त मला माहीत होतं. मुलगा आहे, वाचेल पुढं, असं मीही म्हणायचे.

त्या श्रावणात साताऱ्याकडच्या गावाहून आजोबांची पोथी आमच्याकडे आली. सुटी पानं, लाल फडक्यात गुंडाळलेली. दर सोमवारी संध्याकाळी एक अध्याय वाचायचा आणि मगच उपास सोडायचा.

"मी वाचू?" मी आईला विचारलं. मला खरंच वाचायची होती.

"पोथी पोरानं वाचायची," आई म्हणाली. "तुझं काय, आज हायस, उद्या सासरी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरात दिवसभर वाचणारी मी, आणि पोथी कुणाला, तर ज्याला जोडाक्षर दिसलं की घाम फुटतो त्याला. तो मात्र रडकुंडीला आला होता. "ताई, सगळ्यांसमोर फजिती होईल गं."

तेव्हा मी काय करावं? त्याला वाचायला बसवावं ना. मी अख्खा अध्याय त्याच्याकडून पाठ करून घेतला. आठ दिवस मी वाचत होते आणि तो गॅलरीत येरझाऱ्या घालत म्हणत होता. अक्कल गहाण ठेवली होती मी.

सोमवारी शेजारपाजारच्या बायका आल्या. छान चाललं होतं. मग आईनं पाहुण्यांना वारा लागावा म्हणून टेबलफॅन फिरवला आणि पानं खोलीभर उडाली. बायकांनी गोळा करून त्याच्या हातात दिली. त्यानं जिथं सोडलं होतं तिथूनच, न अडखळता, पुढं सुरू केलं. मी त्याच्या शेजारीच होते. हातातलं पान उलटं होतं.

बायकांनी हात जोडले. आईच्या डोळ्यांत पाणी. शेजारची मावशी म्हणाली, "पुढल्या सोमवारी आमच्याकडं वाच रे बाळा. आमची पोथी निराळी हाय." आईनं लगेच हो म्हणून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो शाळेतून घरी आलाच नाही. ट्रक उभे राहतात त्या मैदानात सापडला, दगड भिरकावत. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "तुझ्यामुळंच झालं. तू वाचायचीस, म्हणून मी कधी वाचलंच नाही." एक ठेवून द्यावी असं वाटलं. पण घरी येईपर्यंत मला कळून चुकलं होतं की तो खरं बोलला होता.

मावशीला त्याचा घसा बसल्याची थाप मारली. आमच्या घरीही पुढचे दोन सोमवार तीच थाप चालली, तेव्हा वडिलांनी पोथीला नुसते हात जोडले आणि आम्ही जेवलो. त्याला सांगितलं, आता मी एक ओळही वाचणार नाही. बसून त्याला जमत नव्हतं, तर मी बसवायचं सोडून दिलं. गॅलरीत पान हातात घेऊन तो फिरायचा, एकेक अक्षर जोडायचा, चिडायचा, पान ठेवून पळायचा, परत यायचा. मी आत भाजी चिरत दात-ओठ खायचे. शब्द माझ्या जिभेवर असायचा.

श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी त्यानं नवा अध्याय वाचायला घेतला. उभ्यानं, एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत. एका ओवीला पाच-पाच मिनिटं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. वडील दिवसभर लोखंड उचलून उपाशी आलेले, तेही मान खाली घालून बसले होते. एका जोडाक्षरापाशी तो अडकला तो अडकलाच. कान लाल झाले.

"आगं, तूच वाच," आई मला म्हणाली. "लवकर आटपंल. सगळे खोळंबलेत."

त्यानं पान माझ्याकडे केलंसुद्धा. मी हात पाठीमागे नेले.

"मी नाही वाचणार."

"बघा," आई बायकांना म्हणाली, "एवढे दिस पायजे हुती, आता दिली तर नखरे."

भावानं पान परत डोळ्यांसमोर धरलं, पाय आपटला आणि तो शब्द फोडला. मग पुढचा. आमचा उपास त्या दिवशी फार उशिरा सुटला.

दुसऱ्या वर्षी माझं लग्न झालं. माहेरच्या त्या घरात पोथी मी कधीच वाचली नाही.