आउटरवर उभं जहाज

कांताबाई आता हसून हसून सांगते, पण तेव्हा तिले पक्कं वाटलं होतं का शेजारची रंभा म्हातारपणी मोबाइलच्या गेममंदी फसली. निळ्या पडद्यावर रंगीत तिकोनं, अन् रंभा चश्मा नाकावर घेऊन त्यायले बोटानं मोठं करून राहिली. कांतानं ही खबर साऱ्या स्मृति नगरात वाटलीही, हळदीकुंकवाच्या वाणासारखी.

मंग कळलं, तो गेम नव्हता, मोनूचं जहाज होतं. रंभाचा लेक मालवाहू जहाजावर नोकरीले. त्यानंच मायले फोनवर शिकवलं होतं. तिकोनाची टोकदार बाजू म्हणजे जहाजाचं तोंड, पुढं निघालेली रेघ म्हणजे चाल. रेघ लांब तर जहाज जोरात, रेघच नाही तर उभं. जहाजावरच्या पडद्यावरही असंच दिसते म्हणे. तेव्हापासून रंभाची फोडणीसुद्धा त्या तिकोनाच्या संगतीनं.

त्या दुपारी कांता रंभाच्या अंगणात लाखोळीची भाजी खुडाले बसली होती. रविवारी रंभाच्या लेकीचा, गुंजनचा साखरपुडा, अन् गुंजननं बजावून ठेवलं होतं, भाऊ आल्याबिगर पाटावर बसणार नाही. जहाज विशाखापट्टणमच्या बंदराबाहेर पोचलं होतं, पण तिथंच अडून बसलं.

"वापस चाललं," केवलराम म्हणाले. रंभाचे मालक, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड, पटरीशिवाय त्यायले काही पटत नाही. "सकाळी तोंड बंदराकडं होतं, आता समुद्राकडं. मी नागपूरच्या व्याह्यायले फोन करतो, तारीख पुढं ढकला म्हणून."

"फोन ठेवा, गुंजनचे बाबा. रेघ कुठं आहे? नांगर टाकून उभं आहे ते. पाणी ढकलते तसं फिरते."

"उभी गाडी कधी फिरते काय?"

"पटरीवरची नाही फिरत. पाण्यात तुमची पटरी कोणं टाकली?"

"तोंड जिकडं, जाणं तिकडं. सीधी बात आहे."

रंभानं कांताकडं पाहिलं. "कांताबाई, यायचं तोंड आता कुठं आहे?"

"भिंतीकडं," कांता म्हणाली. खोटं कशाले बोलाचं?

"मंग हे भिंतीत चालले काय?"

केवलरामनं खुर्ची फिरवली, पण फोन सोडला नाही. रंभाचा आवाज खाली आला. "तुमची गाडी स्टेशनाबाहेर आउटरवर उभी राहे, सिग्नलची वाट पाहत. मी इथं भात झाकून बसो. कधी म्हटलं काय, गाडी वापस गेली? लाइन मोकळी नसंल, एवढंच. पोराचंही तेच आहे."

आउटर म्हटल्यावर गार्डसाहेबायचा फोन टेबलावर गेला. पण कांतानं पाहिलं, रंभाची भाजी खुडणारी बोटंही थांबली होती.

चहा झाला, भाजी गॅसवर चढली. अन् रंभानं मोबाइल आणून नवऱ्याच्या नाकापुढं धरला. तिकोन फिरलं होतं, अन् त्याले रेघ फुटली होती, बारकीशी, बंदराकडं.

"सिग्नल भेटला वाटते," केवलराम म्हणाले. मंग थोड्या वेळानं, "सकाळी वापसच चाललं होतं. मागून विचार बदलला असंल."

"हाव. तुमच्याच धाकानं." रंभानं थैली त्यायच्या हातात दिली. "पावर हाउसच्या बाजारात जा, पेढे सांगून या."

केवलराम फाटकाकडं निघाले. हार काही पचत नव्हती, म्हणून चालता चालता मान वळवून बोललेच, "तरी मी म्हणतो, तोंड जिकडं..."

"तेच पाहून राहिलो आमी," रंभा म्हणाली. "तोंड इकडं, अन् जाणं पावर हाउसले."