सर्व्हरची वाटणी आणि रुमालाची गाठ

सर्व्हरवर नको त्या फायली साठतात, तसे आमच्या विभागात किस्से साठतात. फायली निदान डिलीट तरी होतात. किश्शांचं तसं नसतं आणि त्यातल्या बहुतेकांत फजिती माझीच असते.

पूर्णा स्टेशनजवळच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळतो. नवा सर्व्हर आला, तेव्हा त्यावर सगळ्यात मोलाची गोष्ट होती आमच्याच कॉलेजातल्या प्राध्यापक शिंदे मॅडमचा प्रबंध. वालूरकडच्या जुन्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, त्यांनी सहा वर्षं गावोगाव फिरून माहिती गोळा केली होती. सांगणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी निम्मे आता हयात नाहीत. मॅडम रोज विचारायच्या, "सर, माझं नीट आहे ना?"

मी म्हणायचो, "बिनघोर राहा."

*

डिस्क एक आणि वापरणारे चाळीस. मी कागदावर चौकोन आखले: ऑफिस, प्राध्यापक, विद्यार्थी, सिस्टीम आणि शेवटी बॅकअप. आमचे शिपाई किशनमामा ताडकळसचे, घरची शेती असलेले. ते कागदाकडे बघत म्हणाले, "सर, कुणाच्या जमिनीची वाटणी करायलात?"

मी ऐटीत सांगितलं, "डिस्कची. एकाचा हिस्सा भरला तरी त्याला दुसऱ्याच्या हिश्श्यात घुसता येत नाही."

मामांनी चौकोनांच्या रेघांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमच्या भावकीत हे आधी यायला पायजे होतं."

*

ऑफिसच्या क्लार्कनी सगळ्यात मोठा हिस्सा भांडून घेतला. वर्षभरानं पाहिलं तर त्यात रजेच्या अर्जाचा एक नमुना होता. थोडी जागा विद्यार्थ्यांना द्या म्हटलं, तर म्हणाले, "वापरत न्हाई म्हणून हिस्सा सोडावा लागतो का?"

सोडतो म्हणाले असते तरी माझी पंचाईत होती. सगळं पुसल्याशिवाय तो हिस्सा लहान कसा करायचा, हे मला येत नव्हतं.

*

सिस्टीमला, म्हणजे सर्व्हरच्या स्वतःच्या कामाला, मी टीचभर जागा दिली होती. म्हटलं, तिथं कोण राहतंय? एके दिवशी कुणालाच लॉगिन होईना, मलासुद्धा. प्राचार्य येऊन मागे उभे राहिले.

दुपारी उलगडा झाला. प्रिंटर बंद होता आणि सर्व्हर दर सेकंदाला तशी तक्रार लिहून ठेवत होता. तक्रारींनीच सिस्टीमची जागा भरली होती आणि लॉगिनची नोंद करायलाही जागा उरली नव्हती. मामा म्हणाले, "ते बिचारं लिहायलंय, अन् वाचणारं कुणी न्हाई."

वाचणारा म्हणून पगार मला मिळतो.

*

मग प्राध्यापकांचा हिस्सा भरला. मी कडक नोटीस लावली: सर्व्हरवर खाजगी व्हिडिओ ठेवू नयेत. सगळ्यात मोठं फोल्डर कुणाचं ते प्राचार्यांसमोर शोधून काढलं. नाव होतं 'मेव्हण्याचं लग्न'. मेव्हणा माझाच.

प्राचार्य म्हणाले, "नोटीस राहू द्या. खाली फक्त तुमचं नाव टाका."

लग्न मी डिलीट केलं नाही. गुपचूप बॅकअपच्या हिश्श्यात हलवलं.

*

आणि एका सकाळी डिस्क टकटक वाजली आणि गेली. ऑफिस, प्राध्यापक, विद्यार्थी सगळेच हिस्से गेले.

मामा म्हणाले, "बॅकअप वायल्या हिश्श्यात हाय ना?"

"आहे."

"मंग?"

"मामा, हिस्से वेगळे होते. डिस्क एकच होती."

मामांनी मला खुर्ची दिली. मला खरोखर रडू येत होतं. सहा वर्षं आणि ती म्हातारी माणसं, सगळं माझ्या शहाणपणात गेलं होतं. उठून स्टाफरूममध्ये मॅडमकडे गेलो.

मी सांगितलं. मॅडमनी पर्समधून रुमाल काढला आणि त्याची गाठ सोडली. आत पेनड्राइव्ह होता. माझ्या लॅपटॉपला लावला, तर दोन फोल्डर दिसले. एकात पूर्ण प्रबंध. दुसऱ्यावर माझं नाव, आत माझे सगळे धडे, प्रश्नपत्रिका आणि मेव्हण्याचं लग्न.

"हे तुमच्याकडे कसं आलं?"

"तुमच्या फोल्डरला कुलूपच नव्हतं, सर. तुमी रोज बिनघोर राहा म्हणायचात, तवाच मला घोर लागला. म्हणून घरी जाताना दोघांचंबी घेऊन जायचे."