सगुणाची पाव्हण्यांची खोली

अंधेरीच्या बाजारात सगुणाशी भाव करायला जाणं म्हणजे आपल्या पायांनी चालत जाऊन शिव्या खाणं, असं गिऱ्हाइकं म्हणत आणि तरी तिच्याकडेच जात, कारण शिळा मासा तिनं कधी कुणाच्या पिशवीत टाकला नाही. नवरा गेल्यावर तिनं पाटी डोक्यावर घेतली, मुलगी उत्तरा हिला मॅट्रिक केलं, तिचं लग्न लावलं, आणि या सगळ्यात कुणापुढे पदर पसरला नाही. तिला दुःख होतं ते एकच आणि ते ऐकून बाजारातल्या बाया हसत. लग्न झाल्यापासून तिची लेक माहेरी एकही रात्र राहिली नव्हती.

यात जावयाचा दोष काढण्यासारखं काही नव्हतं. चंद्रप्रकाश मूळचा मालवणकडचा, मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर, बिऱ्हाड मुलुंडला. मासे तर असा खायचा की वाढणारीचा हात दुखावा. पण वेसाव्यातलं सगुणाचं घर म्हणजे पुढची एक खोली नि मागे चूल. त्या खोलीत जाळी, दोरखंड, टोपल्या, आणि उरलेल्या जागेत माणसं. संडास गल्लीच्या टोकाला, तोही साऱ्या वाड्याचा. ऊन उतरलं की चंद्रप्रकाश घड्याळ बघायचा आणि उत्तरा पोराची दुपटी गोळा करायची. दिवसा येऊन जातात ते पाव्हणे, असं तिचं मत. लेकीला विचारावं तर दिवसा नुसतं ‘बरं चाललंय’ एवढंच ऐकायला मिळायचं, मनातलं बाहेर यायला शेजारी शेजारी अंथरूण लागतं.

कोळीवाड्यात रंगीत टीव्ही येऊ लागले त्या सुमारास सगुणानं ठरवलं, टीव्ही नको, खोली बांधायची. पाव्हण्यांची वेगळी खोली, तिला स्वतःची मोरी, स्वतःचा संडास. आणि बांधकाम काढतोच आहोत तर अंगणही नीट करून घ्यायचं.

नकाशा काढायला तिनं जयवंतला बोलावलं. तो एका कंत्राटदाराकडे नकाशे काढायचा आणि त्याची आई सगुणाचं जुनं गिऱ्हाईक. रविवारी तो टेप घेऊन आला, मापं घेऊन गेला आणि पुढच्या रविवारी मोठ्या हौसेनं कागद उलगडून बसला. अंगणाभोवती कंपाउंडची भिंत, लोखंडी गेट, गेटावर बोगनवेल, भिंतीकडेनं फुलझाडांचे वाफे.

“हे कोनाचं घर काडलंस रं?” सगुणानं विचारलं.

“तुमचंच, मावशी.”

“मंग मथुरा येल कशी? गेट वाजवून?”

मथुरा म्हणजे शेजारीण. दोघींच्या घरांत मिळून अंगण एकच, आणि त्यात रेघ कुणी कधी मारली नव्हती. दोघी एकाच वर्षी सुना होऊन आल्या, एकाच नळावर भांडल्या, एकमेकींच्या बाळंतपणाला उभ्या राहिल्या. अंगणाच्या मथुरेकडच्या अर्ध्यात बांबूंचे मांडव होते. त्यांच्या दोऱ्यांवर ती बोंबील सुकवायची आणि त्यावरच तिचं पोट चालायचं.

“आनि फुलं मी केसान घालतंय. त्यांना अंगणान जागा नको,” सगुणानं पुढं ऐकवलं.

जयवंत शहाणा माणूस. नकाशा पुसून पुन्हा काढण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. तासाभरात भिंत गेली, गेट गेलं. घरापुढे रुंद ओटा आला, ओट्याला बसायला कडाप्प्याची लांब बैठक, बाजूला पाय धुवायला नळ आणि दगड. जुनं, सावलीचं भेंडीचं झाड होतं तसंच राहिलं, त्याला नुसता कट्टा बांधायचा ठरला. जाळी पसरायला मधली जागा मोकळी. फरशी घालायची तर तिच्यात भोकं ठेव, असं सगुणानं बजावलं. हळदीचा मांडव घालायचा तर खांब रोवायचे कुठे? हे जयवंतला सुचलं नसतं. तो खूश झाला.

“आणि खोली मावशी, या पश्चिमेच्या कोपऱ्यात. समुद्राचा वारा सरळ आत. पंखासुद्धा लागायचा नाही. झकास!”

सगुणानं कोपऱ्याकडे पाहिलं आणि तिला तेव्हाच कळलं. दुपारनंतर खाऱ्या पाण्यावरून येणारा वारा त्याच कोपऱ्यातून अंगणात शिरायचा आणि मथुरेच्या मांडवांतून जायचा. तिथं भिंत उभी राहिली की वारा संपला. एरवी पापलेटाच्या एका वाट्यासाठी आभाळ डोक्यावर घेणारी ही बाई त्या दिवशी गप्प बसली. तिला उत्तरा त्या खोलीत निजलेली दिसत होती.

बांधायच्या आधी खोलीचा अंदाज यावा म्हणून जयवंतनं तेवढ्या जागेत बांबू रोवून ताडपत्री बांधायला सांगितली. बांबू धरायला मथुराच आली. गाठीही तिनंच मारल्या.

“मोठी कर गो खोली,” ती म्हणाली. “पोर आता धावाला लागंल.”

जयवंतला मध्येच दुसरं काम निघालं आणि ताडपत्री आठवडाभर तशीच राहिली. थंडीचे दिवस, बोंबलाचा भर. त्या बाजूच्या दोऱ्यांवरचे बोंबील सुकेनात, मऊच राहिले, मग लालसर पडून नासायला लागले. मथुरा काही बोलली नाही. तिनं दोन मांडव उपटले आणि गल्लीकडे नेऊन उभे केले. तिथं वारा होता, पण कुत्री आणि कावळेही होते. मग रोज दुपारी, पडायच्या वेळेला, ती हातात काठी घेऊन उन्हात बसून राहू लागली.

सगुणाला तिचा भयंकर राग आला. ही भांडत का नाही? भांडली असती तर सगुणानं तिला शेलक्या शब्दांत ऐकवलं असतं आणि खोली तिथंच बांधली असती. न भांडणाऱ्या माणसाशी जिंकायचं कसं? दोन दिवस ती मनातल्या मनात मथुरेला बोल लावत राहिली. तिसऱ्या दिवशी बाजारातून आली, पाटी ठेवली आणि कोयत्यानं ताडपत्रीच्या दोऱ्या सपासप कापून टाकल्या.

“खोली पूर्वेला नेली तर भट्टी होईल मावशी,” जयवंत कळवळून म्हणाला. “पाठीला पलीकडच्या घराची भिंत आहे, वारा येणार कुठून?”

“होऊ दे.”

खोली का हलवली असं मथुरेनं विचारलं तेव्हा सगुणानं सांगितलं, पश्चिमेला वाळू उडते. वाळू तर दोघी सुना होऊन आल्या त्याच्याही आधीपासून उडत होती. मथुरेनं मान हलवली आणि मांडव पुन्हा जागेवर आणले.

मे महिन्यात खोली तयार झाली. निळा ऑइलपेंट, लोखंडी पलंग, फुलाफुलांची नवी चादर, पंखा. उत्तरा आली तेव्हा सगुणानं आधी तिच्या हातातली पिशवी पाहिली. पिशवीत रात्रीचे कपडे होते. सगुणाचा आनंद पोटात मावेना. तिनं जावयाला इतकं वाढलं की तो हात जोडायला लागला.

जेवणानंतर ती तिघं खोलीत आडवी झाली आणि खोलीनं आपला गुण दाखवला. भिंती तापल्या होत्या, पंखा गरम हवाच फिरवत होता. पोराच्या पाठीवर घामोळं उठलं आणि ते रडून रडून लाल झालं. संध्याकाळपर्यंत कुणाचा डोळा लागला नाही.

“आई, खोली फर्स्टक्लास झालीय,” चंद्रप्रकाश ओशाळून म्हणाला. “थंडीत येऊ ना, चांगले चार दिवस राहू.”

उत्तरा चुलीपाशी आली. “आये, जलमभर या वाऱ्यान राहिलीस तू. वारा कुठनं येतो, तुना ठाव नव्हतं?”

“तिकडं मथुरेचे बोंबील सुकतान,” सगुणा म्हणाली.

उत्तरा बाहेरच्या मांडवांकडे बघत राहिली. मग तिनं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि पिशवी भरायला गेली.

मंडळी गेल्यावर सगुणा ओट्यावर बसून रडली. चांगलं केल्याचं समाधान वगैरे तिला काही वाटत नव्हतं. तिला तिची पोरगी हवी होती.

दिवेलागणीला मथुरा सुक्या बोंबलाचा पुडा घेऊन आली, उत्तरासाठी. रिकामा पलंग तिला दारातूनच दिसला. पुडा कडाप्प्यावर ठेवून ती घरी गेली आणि उशी काखेत मारून परत आली.

“कुठं निघालीस?”

“तुज्या खोलीन. निजाला.”

“उकाड्यान मरशील.”

“मरन. वारा मना दिलास, आन उकाडा तुना एकटीला?” मथुरा नव्या चादरीवर खुशाल आडवी झाली आणि भिंतीकडे सरकली. “ये, पड इथं. पोरीशी काय बोलाचं होतं ते बोल.”

सगुणा तिच्या शेजारी जाऊन पडली.

“पोरगी बारीक झालीय गो,” मग ती म्हणाली.