दोन दिवसांच्या नियमाचं मूळ

अबू धाबीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात मी ग्रंथपाल आहे म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पुस्तकांची कपाटं येतात. आमच्याकडे कपाट एकच आहे आणि त्यात चहाचे कप असतात. माझं सगळं काम कॉम्प्युटरवर. डॉक्टर आधी एखादं विधान करतात आणि मग त्याला आधार शोधायला मला सांगतात. होय, याच क्रमाने. मी वैद्यकीय डेटाबेस उघडते, शब्द घालते, नको ते गाळते, आणि जगाच्या पाठीवर कुणीतरी तेच म्हटलेलं सापडलं की त्याचा संदर्भ काढून देते.

यात सगळ्यात कटकटीचं काम म्हणजे परिषदांतले निबंध शोधणं. परिषदेत डॉक्टर आपला अभ्यास मांडतात, त्याचा एक छोटा सारांश छापला जातो आणि पूर्ण लेख पुष्कळदा कधीच येत नाही. सारांश मात्र डेटाबेसात कायमचा राहतो. त्याच्याखाली बारीक अक्षरांत 'परिषद सारांश' असं लिहिलेलं असतं, पण तिकडे बघतो कोण? नव्या डॉक्टरांना मी दरवर्षी बजावते की मूळ मजकूर वाचल्याशिवाय संदर्भ देऊ नका. ते माना डोलावतात आणि दुसऱ्याच्या लेखातली संदर्भांची यादी जशीच्या तशी उचलून आणतात.

गेल्या वर्षी ऑगस्टमधली गोष्ट. माझा धाकटा दीर मुसफ्फाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये वेल्डर होता. शनिवारी सकाळी काम करता करता तो कोसळला. कंपनीच्या दवाखान्यात त्याला सलाईन लावलं आणि एक छापील कागद हातात दिला: उष्णतेचा त्रास, दोन दिवस विश्रांती, मंगळवारपासून कामासाठी फिट. माझे यजमान त्याला आमच्या घरी घेऊन आले.

रविवारी तो दिवसभर एसीखाली सोफ्यावर पडून होता. माझी लेक त्याच्या डोक्याशी बसून म्हणत होती, "काका, यू आर स्नोरिंग सो लाउडली!" तो हसला, पण उठून बसला नाही. मंगलोरी दुकानातून मुद्दाम आणलेल्या सुरमईचा त्याने एक तुकडा कसाबसा खाल्ला. मग मी ओट्याशी एकटी आहे असं बघून आत आला.

"वहिनी, एक विचारू? लघवी कोऱ्या चहासारखी होतेय. कालपासून."

"पाणी कमी पडलंय तुम्हाला. अजून प्या."

"पितोय तर. अजून चार दिवस रजा मागू का?"

"कशाला? फोरमन उगाच तोंड वाकडं करेल. दोन दिवस पुरतात, भाऊजी. आमच्या हॉस्पिटलात हाच नियम आहे."

त्याचा चेहरा एकदम निवळला. घरातलंच माणूस हॉस्पिटलात आहे म्हटल्यावर तो आणखी कुणाला विचारणार होता? तो माझ्यासमोर ग्लासभर पाणी प्यायला आणि परत जाऊन पडला. त्याच्या ग्लासात मी आणखी पाणी ओतलं, लिंबू पिळलं आणि वर स्वतःवर खूशही झाले.

सोमवारी दुपारी आमच्या मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला. पुढच्या महिन्यात दुबईत त्यांचं उष्णतेच्या आजारांवर भाषण होतं. त्यांनी लिहिलं होतं, 'दोन दिवसांच्या नियमाचा मूळ संदर्भ काढून द्या.' मला हसूच आलं. ज्याच्यासाठी हा नियम होता तो माणूस माझ्याच घरी झोपला होता.

मी कामाला लागले. कंपन्यांच्या दवाखान्यांसाठी काढलेलं एक सूचनापत्रक होतं, त्यात नियम होता आणि पुढे एका आढावा-लेखाचा संदर्भ क्रमांक. आढावा काढला, तर तो एका लेखाकडे बोट दाखवत होता. त्या लेखात आणखी एका लेखाचा क्रमांक. प्रत्येक ठिकाणी वाक्य तेच होतं, फक्त मुळापासून वर येताना दर पायरीला त्यातला जोर वाढत गेलेला. खाली खाली जाताना 'दोन दिवस पुरतात'चं 'दोन दिवस पुरत असावेत' होत गेलं. मला ते आवडलं नाही. पाच वाजले होते आणि लेकीला ट्यूशनला सोडायचं होतं. उरलेलं उद्या बघू म्हणून मी कॉम्प्युटर बंद केला.

मंगळवारी पहाटे यजमानांनी भावाला मुसफ्फात सोडलं आणि साडेआठला मी टेबलाशी होते. शेवटचा क्रमांक टाकला. परिषद सारांश. परिषद सहा वर्षांपूर्वीची, इथलीच. पहिलं नाव आमच्या मोठ्या डॉक्टरांचं.

इतक्या वर्षांत तो त्यांच्याही लक्षात राहिला नसावा आणि माझ्याही राहिला नव्हता. तो सारांश मी ओळखला, कारण तो मीच पाठवला होता. डॉक्टरांनी अभ्यास केला होता, लिहिलाही त्यांनीच, पण परिषदेच्या फॉर्ममध्ये तो बसवायचं काम माझ्याकडे होतं. शब्दमर्यादा अडीचशेची. आमचे चौदा शब्द जास्त होत होते आणि फॉर्म लाल अक्षरांत ते पुन्हा पुन्हा सांगत होता. शेवटची तारीख त्याच दिवशी होती, डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. मी दोन फुटकळ शब्द काढले आणि एक अख्खं वाक्य.

जुन्या मेलमध्ये दोन्ही मसुदे निघाले. काढलेलं वाक्य होतं: ज्या रुग्णांच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या दाखल होतानाच बिघडलेल्या होत्या, त्यांना या अभ्यासातून वगळलं आहे. म्हणजे दोन दिवस पुरतात ते फक्त मूत्रपिंडं शाबूत असलेल्यांना. बाकीच्यांबद्दल आम्ही काहीच म्हटलेलं नव्हतं. ते वाक्य गेलं आणि नियम सगळ्यांचा झाला.

कोरा चहा.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले तेव्हा दार वाजवायचंही भान मला राहिलं नाही. ते लखनौकडचे, कधी आवाज न चढवणारे. त्यांनी दोन्ही मसुदे शेजारी शेजारी ठेवून वाचले.

"मॅडम, एक्सक्लूड तो किया ही था. सबको पता है."

"सबको मतलब किसको, सर? मैंने काट दिया था वो सेंटेन्स. आपको मेल भी किया था, आपने 'ओके' लिखा था."

"फुल पेपर में तो आ ही जाता."

"फुल पेपर आया कहाँ?"

मग मी दिराचं सांगितलं, लघवीचा रंगही सांगितला. हा माणूस एरवी प्रत्येक वाक्याला इन्शाल्ला जोडतो. त्या वेळी त्यांनी फक्त घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "यल्ला, जल्दी बुलाइए उसको. अभी." त्या घड्याळाकडे बघण्यानेच मी जास्त घाबरले.

दिराचा फोन बंद. कामावर फोन लॉकरमध्ये ठेवायला लागतात, हे मला ठाऊक होतं, तरी मी लावतच राहिले. यजमानांनी फोरमनला गाठलं. फोरमन म्हणाला, "सर्टिफिकेट है ना, भाई. फिट लिखा है. खलास." यजमान ऑफिस टाकून मुसफ्फाला निघाले. मी डेस्कवर बसून तो छापील कागद मनातल्या मनात वाचत होते. त्याच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत एक आकडा असतो, संदर्भाचा. त्या आकड्याचा माग काढला तर तो शेवटी माझ्यापर्यंत येतो, हे त्या कंपनीत कुणाला कळायचं कारणच नव्हतं.

यजमान पोचले तेव्हा तो कंटेनरच्या सावलीत बसून ओकत होता. कुणीतरी डोक्यावर ओला टॉवेल ठेवलेला होता. दुपारी बाराच्या सुमाराला त्याला आमच्याच इमर्जन्सीत आणलं. रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मोठे डॉक्टर स्वतः खाली आले आणि माझ्याशी न बोलता सरळ आयसीयूत फोन करायला लागले. त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं आणि मला त्यांच्याकडे.

जीव वाचला. मूत्रपिंडं वाचली नाहीत. दीड महिना आमच्याकडे काढून तो रत्नागिरीला परत गेला, आणि तेव्हापासून आठवड्यातून तीनदा त्याचं डायलिसिस चालू आहे. वय चौतीस.

मी हात बांधून बसले नाही, एवढं स्वतःच्या बाजूने सांगते. परिषदेच्या आयोजकांना लिहिलं, तर ती वेबसाइटच आता नाही. डेटाबेसवाल्यांना दोन्ही मसुदे जोडून लिहिलं. दोन ओळींचं सभ्य उत्तर आलं: आमची नोंद आम्हाला मिळालेल्या मजकुराशी जुळते, बदल मूळ प्रकाशकाने कळवावा. प्रकाशक म्हणजे तीच बंद पडलेली परिषद. सूचनापत्रकवाल्यांनी 'पुढच्या आवृत्तीत विचार करू' म्हटलं. आमच्या हॉस्पिटलाने नियम बदलला आणि मोठ्या डॉक्टरांनी भाषणात उभं राहून ती चूक सांगितली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण भाषण हवेत जातं. कुणी तो सारांश वापरला की मला मेल यावा, अशी सोय मी करून ठेवली आहे. मेल अजून येतात. प्रत्येक वेळी मी त्या लेखकांना लिहिते. एकाने आभार मानले. बाकीचे उत्तर देत नाहीत.

घरात मात्र मी कुणाला काही बोलले नव्हते. यजमानांनाही नाही. मी भित्री आहे, दुसरा शब्द नाही.

मग जानेवारीत एका शुक्रवारी दिराचा व्हिडिओ कॉल आला. डायलिसिसच्या खुर्चीतूनच. एका हाताला नळ्या, फोन समोर टेकवलेला, तोंडावर सूज, पण मूड बरा होता.

"वहिनी, इथे एक नवा डॉक्टर आलाय, हुशार पोरगा. त्याला मी सगळं सांगितलं. म्हटलं, बाबा रे, दोन दिवसांत कामावर जायलाच नको होतं का मी? त्याने तिथल्या तिथे कॉम्प्युटरवर शोधलं. म्हणाला, नाही हो दादा, दोन दिवस पुरतात असंच लिहिलंय, इंटरनॅशनल कॉन्फरन्सचं आहे."

तो फोनच्या जवळ झुकला.

"म्हणजे तुमचं बरोबरच होतं. मी ह्यासाठी मुद्दाम फोन केला. त्या दिवसापासून तुमचा चेहरा बघतोय मी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. माझंच नशीब."

"भाऊजी, ते तसं माझ्यामुळे छापलंय," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. फॉर्म, लाल अक्षरं, शेवटची तारीख. काढलेलं वाक्य आधी इंग्रजीत म्हणून दाखवलं, मग मराठीत. मूत्रपिंडं बिघडलेल्यांना यातून वगळलंय. त्याच्यामागे मशीन चालू होतं, त्याची घरघर ऐकू येत होती.

त्याने छताकडे बघितलं. मला वाटलं, फोन ठेवेल.

"किती शब्द होते, वहिनी?"

"बारा," मी म्हटलं.

त्याने मोकळ्या हाताची बोटं मोजल्यासारखी पांघरुणावर एकेक करून टेकवली. मग नर्स आली आणि त्याने बंद करायला फोन तिच्या हातात दिला.