झुवेनाबाईंची पाटी आणि माझे तीन रोल

मस्कतला गेलो तो हट्टानं. २००३ साल. प्रदर्शनासाठी विषय हवा होता, आणि मस्कतच्या रुवी भागात गॅरेजात काम करणारे दापोलीचे रफीकभाई फोनवर म्हणाले, "झांझिबारहून आलेल्या काळ्या ओमानी लोकांची छोटी दुकानं आहेत इकडे. ये." मुंबईहून विमानानं अडीच-तीन तास. तिथल्या कुरुम भागातली हॉटेलं खिसा कापतात, गेलात तर रुवीतच राहा.

तिसऱ्या दिवशी झुवेनाबाई भेटल्या. साठीच्या, जन्म झांझिबारचा, दुकान आपल्या न्हाणीघराएवढं. नारळाचं दूध, वेलची घालून मंदाझी तळायच्या. गोड, फुगीर, बाहेरून खरपूस. चहाबरोबर चार कधी संपतात कळत नाही.

सिंध्या-गुजरात्यांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाल्या, "बोर्ड पे मेरा नाम है. मरद का नहीं, मेरा. अब रोड बडा होगा, दुकान खलास. एक फोटो निकालो. मैं और बोर्ड."

"हो हो," म्हटलं, आणि त्यांचे हातच टिपत बसलो. पीठ लागलेल्या सुरकुत्या, कढईची वाफ. तीन रोल संपवले.

"झुवेनाखालाला पाटी हवी आहे रे, ती घे आधी," रफीकभाई म्हणाले.

"ऊन कडक आहे, पाटी चकाकते. उद्या सकाळी घेतो." शहाणपणा उतू चालला होता नुसता!

"इन्शाल्ला," झुवेनाबाई म्हणाल्या आणि मंदाझी कागदात बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी बुधवार. इब्राला बायकांचा बाजार भरतो म्हणून सकाळीच निघालो. रफीकभाई सांगत होते, पुरुषांना आत घेत नाहीत. ऐकतो कोण! दोन तास गाडी हाकून गेलो, दारातूनच परत आलो. रुवीत पोचलो तर दुकानाला कुलूप, आणि संध्याकाळी माझं विमान.

घरी फिल्म धुतल्या. शंभरावर फोटो. पाटी एकातही नाही. प्रदर्शनात लोक म्हणाले, "काय बोलके हात!" लाज वाटली, पण बक्षीस घेतलंच मी.

हातांचा सगळ्यात मोठा प्रिंट झुवेनाबाईंसाठी रफीकभाईंकडे पाठवला. महिन्यानं त्यांचा फोन आला. दुकान पाडलं होतं, पाटी भंगारात गेली होती.

"फोटो दिला?"

"दिला."

"काय म्हणाल्या?"

"उलटा केला, मागच्या बाजूला पाटी शोधली."